बेलांगची लघवी अडली तेव्हा

प्रिय इमास,

आधी तुझ्या एडक्याचं, बेलांगचं सांगते, कारण पाकीट फोडल्याबरोबर तू तेच शोधशील. वाचला तो. खिडकीखाली गवत चघळत उभा आहे आणि माझ्याकडे ढुंकून बघत नाही. बाटलीने दूध पाजलंस तू, शेण काढते मी, पण त्याची आई तूच.

मंगळवारी सकाळी त्याने गवताला तोंड लावलं नाही. मागचे पाय ताणून उभा, शेपटी सारखी हलतेय, कुंथतोय, दात खातोय. उजूकाका लगेच हजर झाले. गारुतमधल्या निम्म्या झुंजीच्या एडक्यांची मालिश त्यांच्या हातची, त्यामुळे त्यांच्यापुढे कोण बोलणार? "वहिनी, पोट गच्च झालंय याचं. खोबरेल पाजा, मी पोट रगडतो. दुपारपर्यंत मोकळा." मी तेल पाजलंसुद्धा. त्यांनी बाह्या वर केल्या, तेवढ्यात तुझे बाबा, आपले अबाह, आडवे आले. "हात लावू नकोस उजू. लघवी अडलीय त्याची."

"तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात, दादा?" उजूकाका हसले. अबाहांनी वाद घातला नाही. गोठ्यातल्या ताज्या लेंड्या दाखवल्या. मग बेलांगच्या पोटाखालचे केस दाखवले: कोरडे ठणठणीत, टोकाला मिठासारखे कण. उजूकाकांनी गुपचूप बाह्या खाली केल्या आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणायला तेच गेले.

वुलानबाई लहान चणीच्या आहेत, पण जिभेला धार. "बरं झालं रगडलं नाहीत. मूत्राशय फुटलं असतं तर मला बोलावूनही उपयोग नव्हता. खायला काय घालता?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं: भाताचा कोंडा, मका, शिवाय दारात येणारा प्रत्येक पाहुणा मूठभर कोंडा घेऊन येतो, आपली रीतच आहे. वर मुलगी फोनवर वाळला वाळला म्हणते, म्हणून आणखी थोडा. "लाडाने खडे झालेत याला," बाई म्हणाल्या. तर त्या लाडात तुझाही वाटा आहे, पोरी.

बेलांगला ढुंगणावर बसवलं, बधिर करायची सुई टोचली. एडक्याच्या इंद्रियाच्या टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी असते, तिच्यात वाळूसारखे खडे अडकले होते. बाईंनी ती कात्रीने कापली. अबाहांनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. "सोड बाळा. लाजू नकोस, लाजून जीव जातो," असं त्याच्या कानात पुटपुटत होते. आधी रक्ताचे थेंब आले आणि मग धार. पाटाला पाणी आल्यावर बघावं तसे आम्ही सगळे ती धार बघत राहिलो. आता कोंडा, मका बंद. नुसतं गवत, मीठ घातलेलं पाणी आणि गुळाच्या पाण्यातून औषध. पुन्हा अडू शकते म्हणाल्या, म्हणून नजर ठेवतो.

पण ते पुटपुटणं माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी सरळ विचारलं, तुम्हाला कळलं कसं? बेलांगच्या पाण्यात मीठ ढवळत राहिले. मग म्हणाले, "मलाही तसंच होतं." किती तरी महिन्यांपासून, इमास. शेताच्या बांधामागे जाऊन उभे राहतात आणि मला वाटायचं, पाणी बघायला गेलेत. ओढत दवाखान्यात नेलं. प्रोस्टेटची गाठ वाढलीय, कर्करोग नाही, पण आधी नर्सकडून लघवीची नळी घालून घ्यायची आणि मग ऑपरेशन. नळी म्हणताच उठून घरी आले. "परक्या पोरीच्या हातून? त्यापेक्षा मेलेलं बरं." दोन्ही डॉक्टर, उजूकाका, मी, कोणाचं ऐकत नाहीत. फोनवर ते माझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून सुट्टीवर गावी आलेली एउइस तैवानला परत निघालीय, तिच्याबरोबर हे पत्र देतेय. तू तिथे रोज एका परक्या म्हाताऱ्याची नळी धुतेस, पिशवी बदलतेस. तुझ्याबद्दल त्या आजोबांना काय वाटतं, ते तुझ्या बापाला सांग. त्या आजोबांची परकी पोर म्हणजे तूच, हेही सांग. माझ्यावर चिडले तर चिडू देत. मला भीती वाटते गं, आणि मला ते हवे आहेत.

तुझी आई,
एमा