एफ एटचे दोन सेकंद आणि कामोगा आजोबा

कालुंगू, शुक्रवार

तीर्थस्वरूप सेंगा आत्या,

तुम्ही शिकवलात तसा, पाठ ताठ आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? केळीच्या बागेत उतारावर जाऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तुम्ही जात असणारच. इकडे सगळे बरे आहेत. बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा पदवीदानाचा फोटो दाखवतात. (परवा दूधवाल्याला दाखवला. त्याने तो तिसऱ्यांदा पाहिला, पण बिचारा उभा राहिला.)

शाळेला जुना कॉम्प्युटर मिळालाय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. मी पदवीधर, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. माझी पदवी ग्रामविकासातली आहे असं मी मुख्याध्यापक सेम्पिरा सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पदवी ती पदवी." सोमवारी दुपारी बारापर्यंत सातवीच्या एकतीस मुलांची छापील यादी जिल्हा कचेरीत पोहोचली नाही, तर यंदा त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. हाताने लिहिलेली यादी तिथे घेत नाहीत. आत्या, मी याच शाळेतून गेले. ती मुलं घरी बसली तर माझा तो फोटो मला भिंतीवर बघवणार नाही.

कॉम्प्युटर सुरू केला की कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मग पडदा काळा होतो. आधीच्या मालकाने रेझोल्यूशन (म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचा आकडा) फार मोठं ठेवलंय आणि आमच्या म्हाताऱ्या मॉनिटरला ते झेपत नाही. (वाटीत हंडाभर शेंगदाण्याची आमटी ओतावी, तसं.) उपाय मी पुस्तकात शोधला. चिन्ह गेलं की दोन सेकंदांत एफ एट हे बटण पटापट दाबायचं, मग लहान रेझोल्यूशनने सुरू करण्याची सोय दिसते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

पण कॉम्प्युटर ठेवलाय दारासमोर, आणि तो बघायला सगळा गाव लोटलाय. चिन्ह दिसलं, मी बोट उचललं, की दारात कोणीतरी वडीलधारं उभं. मग मी नमस्काराला खाली गुडघ्यावर. दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, गाई कशा आहेत. त्यांचं "हूं", माझं "हूं", पुन्हा त्यांचं "हूं". उठून पाहते तो पडदा काळा. मंगळवारी असं नऊ वेळा झालं. दार लावलं, तर बाहेरून आवाज आला, "शिकलेली माणसं दार लावून बसतात वाटतं!" सेम्पिरा सरांना बटण दाबायला बसवलं. त्यांनी ते एकदाच, अलगद दाबलं आणि हात मांडीवर ठेवला. "पटापट दाबा सर!" म्हटलं, तर म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नसेल, तर ते यंत्र कसलं?"

बुधवारी शाळा समितीचे अध्यक्ष कामोगा आजोबा येणार होते. त्यांचा नमस्कार म्हणजे अर्धा तास. (ते गाईंची चौकशी नावानिशी करतात.) म्हणून मी आधीच कीबोर्ड खाली चटईवर ठेवला. ते आले, मी कॉम्प्युटर सुरू करून गुडघे टेकले, डोकं पार कीबोर्डवर झुकवलं, आणि "आजोबा, दिवस कसा गेला?" विचारत एफ एट बडवत राहिले. तिसऱ्या गाईपाशी पडदा उजळला! मग मी रेझोल्यूशन नीट बसवलं आणि काल संध्याकाळपर्यंत एकतीसही नावं टाइप केली. उरली फक्त छपाई.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
नाकायिझा

ता. क. एक सांगायचं राहिलं. इतकं झुकून नमस्कार करणारी पदवीधर मुलगी आपण उभ्या आयुष्यात पाहिली नाही, असं कामोगा आजोबा गावभर सांगताहेत. रविवारी ते नातवाला घेऊन, त्याच्यासाठी मला मागणी घालायला, रीतीप्रमाणे आधी मुलीच्या आत्याकडे, म्हणजे तुमच्याकडे येणार आहेत. कृपा करून त्यांना नकार द्या. मी कीबोर्डला वाकले होते, हे खुशाल सांगा. मला एवढ्यात लग्न करायचं नाही, मला ही शाळा उभी करायचीय.

ता. क. २. पत्र बंद करणार तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. सेम्पिरा सरांनी आज सकाळी रेझोल्यूशनचा सगळ्यात मोठा आकडा निवडलाय. ("शाळेला शोभेल असा नको का?") पडदा काळा, यादी आत, आणि बुधवारच्या माराने एफ एटचं बटण निखळून पडलंय. आत्ताच कळलं की कामोगा आजोबांचा हा नातू मसाका शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तेव्हा रविवारी त्यांना पोटभर जेवू घाला, मुलगी विचार करतेय म्हणा, आणि मुलाला संध्याकाळच्या आत, हत्यारांसकट, शाळेत पाठवा. नकार सोमवारी बारानंतर कळवा.

ता. क. ३. घाई नाही, मंगळवारीही चालेल. मुलगा शांत स्वभावाचा आहे म्हणतात.