मशीन घ्यायचं का न्हाय

८ जानेवारी, गुरुवार
परत त्योच पिवळा दिवा! ट्रकच्या इंजिनाचा. त्यो लागला की गाडी चाळीसच्या वर पळत न्हाय. मग ह्ये कंपनीच्या वर्कशॉपच्या दारात जाऊन बसनार, आन तितला मानूस म्हननार, लॅपटॉपवाला रजेवर हाय. सगळ्या वर्कशॉपात मशीन लावनारा एकच मानूस. त्येची बायको बाळंत झाली म्हनून आमची गाडी हुबळीला उभी. बाळाला माझा आशीर्वाद, पन माझा नवरा द्या की परत.
गाडी आमची, मालक ह्येच, ड्रायव्हर ह्येच. आन तिला काय दुखतंय ते इचारायला परक्याचं मशीन. कवाधरनं सांगतीय, आपलं मशीन घ्या. "तुला काय कळतंय गं त्यातलं?" ह्यांनी फोन ठेवून दिला.

१० शनिवार
लॅपटॉपवाला आला. म्हनतो, गाडीत काय बी दिसत न्हाय. दिसंल कसं? ह्यांनी वाटंत बॅटरीची वायर काढून परत लावली हुती. समदे ड्रायव्हर करत्यात. दिवा इझतो, बरं वाटतं. पन आत काय बिघडलं ते गाडीनं लिहून ठेवल्यालं असतं, दिव्यासंगं ते बी पुसून गेलं. आता भरल्या गाडीनं चकरा मारायच्या, दिवा परत लागंस्तवर.
सिद्धेश्वराला हात जोडले, देवा, दिवा लाव. असलं मागनं कोन मागतं का!

१३ मंगळवार. भोगी
दिवा लागला न्हाय. ह्ये आले न्हाईत.
सिद्धेश्वराच्या जत्रंतल्या मानाच्या काठ्या बघायला गेले. समदे बाप्ये पांढऱ्या बाराबंदीत. ह्यांची इस्त्री करून पलंगावर ठेवलीय. शेजारची महादेवी म्हनली, "यंदाबी मालक न्हाईत व्हय? तिकडं दुसरं घर केलंय काय?" मी म्हनलं, "केलंय की. धा चाकाचं." लई हसली. मी बी हसले.
भोगीची भाजी दोघांची केली. हात तसाच पडतो. लेकीचा पुण्यास्नं फोन, जेवलीस का? व्हय म्हनलं. नव्हते जेवले.

१५ गुरुवार
हैदराबाद रोडला रफिक मिस्त्रीकडं गेले. त्यो मशीन लावतो. मी म्हनलं, "असलं आमाला पायजे."
"लेव की भाबी. पन मशीन सिर्फ नंबर बताती. मतलब कौन बतायेगा? और नकली सॉफ्टवेर मत लेव, एक की गाडी का कंप्युटरच मर गया."
दर वरसाला पैसे बी भरावे लागत्यात म्हनं, न्हायतर बंद. मिस्त्री खरं बोलतो म्हनून राग येतो.
एका गाडीला लावून दाखवलं. स्टेरिंगखाली खोबन असती. पडद्यावर इंग्रजी एक अक्षर आन चार आकडे. आकडे मला येत्यात. म्हनलं, शिकवाल का? त्येनं माझ्याकडं बघितलं. "तुम? आव, दोपहर को आव."

१६ शुक्रवार
गेले हुते. काल त्या गाडीवर आल्याला नंबर मी न बघता सांगितला. मिस्त्रीनं नुसता चहा मागवला.

१८ रविवार
दिवा लागला एकदाचा. काय निघालं? वायरीचा जोड ढिला! दाबला आन चालू. एवढ्यासाठी माझी भोगी गेली.
फोनवर भांडले. ह्यांचं म्हननं, गाडी अजून कंपनीच्या वॉरंटीत हाय, आपन हात घातला तर ती जाईल. म्हनलं, वायर उपटताना कुटं गेलती वॉरंटी? तर म्हनत्यात, "स्टेरिंग धरू का तुझं मशीन बघू? क्लीनर बी पळाला, आता म्या एकटाच."
एकटे. मला सांगत्यात.

२० मंगळवार
ह्ये आले. भाकरी खाल्ली, आडवे झाले. जरा येळानं उठून उशी घेतली आन बाहेर उभ्या गाडीत जाऊन झोपले. हितं झोप लागत न्हाय म्हनत्यात, पाठीला केबिनची सवय झालीय. पलंग मोकळाच.
महादेवीनं बघितलं असनार.

२१ बुधवार
सकाळी चहा घेऊन गाडीतच चढले. क्लीनरच्या सीटवर बसले. उंच हाय. लांबवर दिसतं.
म्हनलं, मशीन घ्या. नंबर मी वाचते, मतलब मिस्त्रीला फोनवर इचारते. मी हितं बसनार, तुमच्यासंगं.
"बाईमानूस? ट्रकात? लोकं काय म्हनतील?"
"लोकं आत्ताबी म्हनत्यात. ऐकायला तुमी हितं नसता."
हसले न्हाईत. चहा संपवून कप काचंम्होरं ठेवला. मग म्हनले, "रस्त्यावर आंघोळीची लई अडचन असती गं." एवढंच. न्हाय म्हनले न्हाईत.
उतरताना सांगून आले, शनिवारी माल भरायचाय. तवर सांगा. मशीन घ्यायचं तर माझ्यासकट घ्यायचं. शनिवारी गाडी सुरू करायच्या आत मला व्हय का न्हाय पायजे, आन त्वांडावर पायजे. फोनवर न्हाय.