सी-सत्तेचाळीसच्या नळाबाबत खुलासा

भोपाळ,
मंगळवार

तीर्थस्वरूप अरविंददादा यांस,

मनोहरचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, म्हणून तो कागदावरच घातला आहे असं समजावं.) मंगलावहिनींनाही नमस्कार. डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली असेल तर हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल, नसेल तर वहिनी वाचून दाखवतील. पण कोणीही वाचलं तरी कृपा करून मोठ्यानं वाचू नये, कारण वैजयंती सध्या तुमच्याच घरात आहे. ती हवापालटासाठी माहेरी आली आहे. दुसरं काहीही कारण नाही. नागपूरची हवा तिला पहिल्यापासून मानवते, आणि दादाच्या डोळ्याचं निमित्तही होतंच. इकडे सर्व ठीक आहे.

तरीही काही वावड्या तुमच्या कानावर येतील (एव्हाना आल्याही असतील, तुमची बहीण गाडीतून उतरून रिक्षात बसेपर्यंत धीर धरणारी नाही), म्हणून अधिकृत खुलासा करणं मला भाग आहे. माझं काम नेमकं काय हे तुम्हाला आमचं लग्न ठरल्यापासून नीट समजलेलं नाही. त्यात तुमचा दोष नाही, मी सांगायला लागलो की समोरचा माणूस चहा मागवतो. तर आमचं महामंडळ सरकारी, आणि आमचं खातं खुद्द मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलेलं. त्यामुळे विधानसभेत कुणी आमदारानं आमच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारला की उत्तराला मुख्यमंत्री उभे राहतात. आणि ते जे उत्तर वाचतात ते गोविंदपुऱ्यातल्या माझ्या टेबलावर लिहिलेलं असतं. आवाज त्यांचा, शब्द माझे. एवढ्या वर्षांत माझ्या उत्तरावर सभागृहात कुणाला दुसऱ्यांदा तोंड उघडता आलेलं नाही, हे मी गर्वानं नाही, माहितीसाठी सांगतो.

याची एक हातोटी असते. प्रश्न नेहमी तुकड्यांत येतो: (क) अमुक घडलं हे खरं आहे का, (ख) असल्यास दोषी कोण, (ग) असल्यास दुरुस्ती कधी. नवशिका माणूस तिन्ही तुकड्यांना उत्तरं लिहीत बसतो आणि अडकतो. मी फक्त (क) कडे बघतो. तिथे 'जी नहीं' बसवता आलं की पुढचं सगळं 'प्रश्न उपस्थित नहीं होता' या एका ओळीत आटोपतं. कुणी दोषी नाही, कसली दुरुस्ती नाही. आणि 'जी नहीं' अगदीच बसत नसेल तर 'जानकारी एकत्रित की जा रही है'. ती एकत्र होईपर्यंत अधिवेशन संपतं. घरीसुद्धा सवयीनं तोंडून निघून जातं. वैजयंती विचारते, भाजी आणलीत का, नसेल तर का नाही. मी म्हणतो, जी नाही, पुढचा प्रश्न उपस्थित होत नाही. पूर्वी ती हसायची.

आता पाण्याकडे येतो. आमच्या टाउनशिपमध्ये पंपाचं पाणी आधी कारखान्याला जातं, मग बंगल्यांना आणि त्यांच्या हिरवळीला, मग ए आणि बी टाइपला, आणि उरलेलं आम्हा सी टाइपवाल्यांना. उरत नाही. उन्हाळ्यापासून आमच्या लाइनीतल्या बायका कारखान्याच्या गेटाशी असलेल्या नळावरून पाणी आणतात. वैजयंती माझ्या जुन्या सायकलच्या हँडलला दोन कळशा अडकवते आणि सायकल हातानं ढकलत आणते. न्हाणीघरातले दोन ड्रम ती अशा फेऱ्या करून भरते. (मी मदत केली असती, पण गुडघा.) ती कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे हे तुम्हाला माहीतच आहे. पूर्वी मंडळात हळदीकुंकू आणि पापडाची वाळवणं होत, यंदा बैठकीत फक्त पाणी असतं, तेही चर्चेला.

अशात पावसाळी अधिवेशनात एका विरोधी सदस्याचा प्रश्न माझ्या टेबलावर आला. उन्हाळ्यापासून आमच्या टाउनशिपच्या सी टाइप क्वार्टरांत 'बिल्कुल' पाणी आलेलं नाही हे खरं आहे का, असल्यास दोषी कोण, आणि पाणी कधी येणार. दादा, मी तो 'बिल्कुल' वाचला आणि मला अक्षरशः भरून आलं. कारण पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनाला व्यवस्थापकीय संचालक यायचे होते म्हणून सगळ्या लाइनींत पाणी सोडलं होतं. आमचा नळ आधी पुष्कळ खोकला, मग लालसर पाणी आलं, आणि वैजयंतीची एक कळशी भरून ते गेलं. म्हणजे पाणी आलं होतं. म्हणजे 'बिल्कुल नाही' हे खरं नाही. मी (क) पुढे 'जी नहीं' लिहिलं, (ख) आणि (ग) पुढे नेहमीची ओळ लिहिली आणि घरी येऊन, ड्रममधलं पाणी घेऊन, निवांत हातपाय धुतले.

सभागृहात मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मागच्या बाकावर होतो. मुख्यमंत्र्यांनी माझं उत्तर असं खणखणीत वाचलं की मलाच पटलं. पण तो सदस्य बसेना. त्यानं पुरवणी प्रश्न टाकला, की सी टाइपमध्ये नळाला पाणी असलेलं एक तरी घर मुख्यमंत्री महोदय सांगू शकतील का. मुख्यमंत्र्यांनी आमच्या सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यामागे भिंत होती. चिठ्ठी द्यायची होती आणि सगळं सभागृह थांबलं होतं. पाणी असलेलं घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे आमचे ते दोन काठोकाठ भरलेले ड्रम आले. सकाळीच पाहिले होते. मी आमच्याच क्वार्टरचा नंबर लिहिला, सी-४७. (ड्रम कोणी भरले, हा पुरवणीवरचा पुरवणी प्रश्न झाला असता, तो कुणी विचारला नाही.) मुख्यमंत्र्यांनी चिठ्ठी पाहिली आणि हसून म्हणाले, "माननीय सदस्य सी-सैंतालीस में स्वयं जाएँ और नल का पानी पीकर देख लें." बाकं वाजली. सदस्यही हसला आणि म्हणाला, धन्यवाद, येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी पत्रकारांना घेऊन येतो.

संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्यांत ते आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर आमच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात बादली. सर्वांत पुढे शेजारच्या सरोज तिवारी. त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. वैजयंतीला एवढंच म्हणाल्या, "भाभी, हमसे भी छुपाया?" वैजयंतीनं त्यांना आत नेऊन नळ सोडून दाखवला. नळातून हवा आली. कुणी विश्वास ठेवेना. लाइनीतल्या आपल्या मराठी नलिनी देशकरसुद्धा म्हणाल्या की अहो, मुख्यमंत्री विधानसभेत खोटं कसं बोलतील, तुम्ही मागून वेगळी लाइन घेतली असेल. ज्या बायकांना वैजयंतीनं मंडळात गोळा केलं त्याच तिच्या न्हाणीघरात वाकून चोरटा पाइप शोधत होत्या.

त्या गेल्यावर मला स्वयंपाकघरात एक गोष्ट कळली, ती खात्यालाही ठाऊक नव्हती. त्या सदस्याकडे अर्ज घेऊन गेलेली बाई वैजयंतीच होती. प्रश्न तिचा होता. 'बिल्कुल' हा शब्दही तिचाच. (शब्द सैल होता, हे मी तिला त्या वेळी सांगितलं. सांगायला नको होतं.) ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "तुम्ही 'नाही' लिहिलंत, त्या दिवशी कुणाच्या हातचं पाणी पिऊन गेला होतात?" आणि बॅग काढली. म्हणजे हवापालटाचा विचार तिच्या मनात त्या सुमारास आला.

पण काळजी नसावी. सरकारच्या प्रमुखानं सभागृहात सांगितलेलं खोटं ठरू देत नाहीत. ते खरं करून घेतात. त्याच दिवशी इंजिनिअरिंग विभागाचे लोक येऊन आमच्या छतावर लोखंडी टाकी बसवून गेले. टँकरनं ती भरली आणि तिचा पाइप थेट आमच्या नळाला जोडला. आता तोटी फिरवली की स्वच्छ, जोरदार पाणी येतं. मात्र त्या गुरुवारपर्यंत ते वापरायचं नाही असा तोंडी आदेश आहे आणि दाराशी एक पहारेकरी बसवला आहे. मी आंघोळ ऑफिसात उरकतो. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सदस्य येतील, पेला भरून पितील, फोटो निघतील, प्रकरण मिटेल. मला बी टाइप क्वार्टर देण्याबद्दल साहेबांनी सूचक मान हलवली आहे. फक्त पेला गृहिणीनं पुढे केला तर बरं दिसेल. एकटा पुरुष पाणी घेऊन दारात उभा राहिला की पत्रकारांना संशय येतो. तरी वैजयंतीला आदल्या दिवशी, बुधवारच्या गाडीत बसवून द्यावं. मी सगळं व्यवस्थित सांभाळलं आहे, असं तिला माझ्या वतीनं सांगावं.

डोळ्याला जपावं, वहिनींच्या हातचा वडाभात आठवतो, आणि या मेहुण्यावर पूर्वीइतकी नाही तरी निम्मी माया ठेवावी.

तुमचा,
मनोहर

ता. क. वर 'हवापालट' लिहिलं आहे ते (क) तुकड्याचं उत्तर समजावं. खरं असं की स्टेशनवर तिनं डब्याच्या दारात उभं राहून मला माझ्याच पद्धतीनं विचारलं. (क) उन्हाळाभर या घरात मी सायकलवरून पाणी आणलं हे खरं आहे का? (ख) असल्यास, ते तुम्हाला माहीत होतं का? (ग) असल्यास, मी परत कशासाठी यावं? सवयीनं माझ्या तोंडून निघालं, माहिती गोळा केली जात आहे. गाडी हलली. ती येत नाही म्हणाली तर तिला भरीस घालू नका, फक्त ती जेवते का एवढं कळवा. घरात मला करमत नाही.

आणखी ता. क. पत्र आठवडाभर टपालात टाकायचं राहिलं, आज पुढचा बुधवार उजाडला. तिनं भरलेले ड्रम संपले. पहारेकऱ्याकडे टाकीतलं पाणी मागणं प्रशस्त वाटेना, म्हणून सकाळी तिची (म्हणजे माझी) सायकल आणि दोन कळशा घेऊन गेटावर गेलो. भरलेल्या कळशांनी हँडल कुठे ओढतं हे मला माहीत नव्हतं. पिंपळाच्या वळणावर मी, सायकल आणि पाणी तिघेही आडवे झालो. सरोजताईंनी उठवलं, आपल्या बादलीतलं पाणी माझ्या गुडघ्यावर ओतलं आणि विचारलं, भाईसाहब, आपके यहाँ तो नल है ना? मी घरी आलो आणि दार सताड उघडून तोटी सोडली. सगळी लाइन आली. पहारेकऱ्यानं आधी आदेशाची आठवण दिली, मग स्वतःची बादली आणली. दुपारपर्यंत टाकी ठणठणीत. टँकर शुक्रवारशिवाय मिळत नाही. म्हणजे उद्या सदस्य येतील तेव्हा सी-सत्तेचाळीसच्या नळातून हवा येईल, आणि ती का येते ते मी त्यांना लाइनीतल्या बायकांसमोर सांगणार आहे. बी टाइपचं आता राहिलं. बदलीचा हुकूम निघेल त्याच्या उत्तराचा मसुदा मात्र तयार आहे, आणि तो चांगला जमला आहे.

शेवटचा ता. क. दादा, सुरुवातीची सूचना रद्द समजावी. एवढं वैजयंतीसमोर मोठ्यानं वाचावं: (क) जी हो. (ख) जी हो. (ग) प्रश्न उपस्थित होतो. गाडी कुठली ते कळवावं, स्टेशनवर सायकल घेऊन येतो.