मेळाव्यात कळलेले पप्पा

आई, पप्पा फौजेत नेमकं काय करायचे हे मला गेल्या महिन्यात कळलं, तेही एका अनोळखी बाईंनी त्यांना विचारलं म्हणून. तुला ते पहिल्यापासून माहीत होतं असं आता दिसतंय. म्हणून तुलाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला विचारू?

तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. पुढं आत्यानं वाढवलं. पप्पा रजेला यायचे, ट्रंक उघडायचे, ट्रंक बंद करून जायचे. मागच्या वर्षी ते रिटायर होऊन कायमचे आले आणि गावी, तेरच्या घरात आम्ही दोघंच राहायला लागलो. मी इथल्याच शाळेत शिकवते. सकाळी उठते तोवर त्यांनी अंगण झाडलेलं असतं, पांघरुणांच्या घड्या अशा की इथं कुणी झोपलंच नव्हतं असं वाटावं. संध्याकाळी मी आले की दारातल्या बाजेवर बसलेले असतात आणि विचारतात, बस वेळेवर होती का. मी शाळेतून चालत येते हे त्यांना माहीत आहे. भांडण नाही, अबोला नाही. एकाच घरी उतरलेले दोन पाहुणे एकमेकांना संकोचतात, तसं चाललं होतं.

मेळाव्याचं पलीकडच्या गल्लीतल्या सुभेदार काकांनी सांगितलं. धाराशिवला माजी सैनिकांसाठी नोकरीचा मेळावा आहे, कंपन्यांची माणसं येणार आहेत, बसून बसून गुडघे धरतील, चल म्हणाले. पप्पांनी मला विचारलं, इंग्रजीत काही विचारलं तर येतीस का बरोबर. मी शाळेत रजा टाकली. खरं कारण इंग्रजी नव्हतं. तिथं हा माणूस आपल्याबद्दल काय सांगतो, हे मला ऐकायचं होतं.

मंडपात टेबलं मांडलेली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी माणसं आपोआप सरळ रांगेत उभी. कडक इस्त्रीचे शर्ट, हातात फाइली, आणि समोर माझ्याच वयाची पोरं प्रश्न विचारणारी. पहिला प्रश्न वयाचा, दुसरा बंदुकीच्या लायसनचा. वीस-बावीस वर्षांत या माणसांनी काय काय केलं असेल, आणि जवळजवळ प्रत्येकाला शेवटी एकच काम मिळत होतं, कुठल्यातरी गेटवर उभं राहायचं. सुभेदार काकांना पुण्याच्या एका कंपनीच्या गेटचं काम लगेच मिळालं. राहायला खोलीसुद्धा. पप्पांनाही तेच देत होते. पप्पांनी सहीसाठी पेन हातात घेतलं. हे पुण्याला गेले तर पुन्हा रजा आणि ट्रंक. मग आम्ही एकमेकांना ओळखणार कधी? तेवढ्यात त्यांनीच विचारलं, गेटवर दिवसभर करायचं काय. पोरगा म्हणाला, उभं राहायचं काका, नजर ठेवायची. पप्पांनी पेन खाली ठेवलं आणि बघतो म्हणाले.

कडेला धाराशिवच्याच एका दवाखान्याचं टेबल होतं. एक वयस्क बाई बसल्या होत्या, समोर कुणीच नव्हतं. त्यांनी पप्पांना विचारलं, फौजेत काम काय होतं तुमचं? पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या सुभेदार काकांकडं.

"कुक होतो," ते म्हणाले. "शेवटी लंगर माझ्याकडं होता. म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर."

काका म्हणाले, "व्हय रे? मला वाटलं तू इन्फंट्रीत होतास."

"इन्फंट्रीतच होतो. त्यांनाच खायला घालत होतो."

आई, मी आ वासून उभी होते. आपल्या गावात सगळ्यांना माहीत की हे बॉर्डरवर बंदूक घेऊन उभे असतात. मी शाळेत निबंध लिहिलाय त्यावर. आणि वर्षभर मी केलेल्या करपलेल्या भाज्या, वातड भाकऱ्या हा माणूस मान खाली घालून खात होता. आता तो त्या बाईंना सांगत होता की उंचावर डाळ शिजत नाही, नवीन पोरं आली की पहिले काही दिवस जेवत नाहीत, मग प्रत्येकाला विचारायचं, तुझी आई काय करते घरी, आणि त्यातलं जमेल ते करायचं. बाईंनी विचारलं, पेशंटचं बिनतेलाचं, अळणी जमेल का. जमेल म्हणाले, आणि उलट विचारलं, पेशंटबरोबर आलेली माणसं कुठं जेवतात? बाई म्हणाल्या, बाहेर गाड्यावर. पप्पा म्हणाले, त्यांचंबी बघावं लागंल. इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

परतीच्या एसटीत मी विचारलं, सांगितलं का नाही कधी.  ते म्हणाले, लग्नात तुझ्या आजोबांनी मांडवभर सांगितलं, जावई बॉर्डरवर असतो. ते खोटं नव्हतं. मग ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

"आणि आई?"

"तिला पहिल्याच रजेत सांगितलं. लई हसली. म्हणाली, मग मला करून घाला."

तेव्हापासून मी एक दुपार परत परत बघते आहे. मी सहा-सात वर्षांची. पप्पा रजेवर आहेत, आजी आतल्या खोलीत घोरते आहे आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. दारातून कसला तरी परका, मसाल्याचा वास येतोय. मी दार बडवते. तू बाहेर येतेस, पदरानं तोंड पुसतेस आणि माझ्यावर ओरडतेस, आजीची झोप मोडशील, जा, शेळीला पाणी दाखव जा. मी रडत गेले होते. इतकी वर्षं मला वाटायचं, मी काहीतरी वाईट केलं. आता तुझा चेहरा आठवून बघते, तर तू रागावलेली दिसतच नाहीस. काय खात होतीस गं? पप्पांना विचारलं तर म्हणाले, राजमा असंल, जम्मूहून आणायचो. आजीनं सुनेला बसवून नवरा स्वयंपाक करतोय हे बघितलं असतं तर? तुला भीती वाटायची की मजा? की दोन्ही? दार लावून तुम्ही बोलत काय होता?

पप्पा आता रोज पहाटेच्या गाडीनं धाराशिवला जातात. दवाखान्याचं स्वयंपाकघर त्यांच्याकडं आहे. आल्यावर सांगतात, आज एका म्हातारीनं खिचडी परत मागितली. मी त्यांना वर्गातलं सांगते. बसचं कुणी विचारत नाही.

गेल्या रविवारी त्यांनी मला स्वयंपाकघरातून उठवलं आणि येसराची आमटी केली. तूच शिकवली होतीस म्हणाले, रजा संपली की डाळी-मसाले भाजून दळलेल्या येसराची पुडी तू ट्रंकेत ठेवायचीस आणि ते लंगरमधल्या आपल्याकडच्या पोरांना आमटी करून घालायचे. दार सताड उघडं होतं. सुभेदार काकू ताक मागायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या, पप्पांनी त्यांनाही वाटीभर दिली. मी पहिला घास घेतला तेव्हा ते भाकरी तव्यावर ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"तिच्यासारखी झालीय का?"

मी हो म्हणाले. ते खूश झाले, आणखी वाढली.

हे पान मी माझ्याजवळच ठेवणार आहे, त्यांच्या हाती लागायला नको. कारण तुझ्या हातची आमटी कशी लागायची, आई, मला आठवत नाही.