कासमभाईंचा राहिलेला नंबर

६ नोव्हेंबर, दुक्म, ओमान
पोचलो एकदाचा! एसी दुरुस्तीचं काम, कॅम्प झकास. मेसचे आचारी तौहीदभाई रत्नागिरीचे निघाले, त्यामुळे गाववाल्याच्या ताटात सुरमईचा एक तुकडा जास्त. जेवताना इथल्या हिंदी रेडिओवरच्या जुन्या निवेदकांच्या आठवणी निघाल्या. एक जण म्हणे गाण्याआधी शिट्टी मारायचा, दुसरा श्रोत्यांना चक्क झापायचा. पण सगळ्यांचा जीव कासमभाईंवर. दर शुक्रवारी चाळीसपासून एकपर्यंत उतरत जाणारी गाणी, आणि प्रत्येक नंबराआधी त्यांचं ते घोगरं, लांबलचक हसू. माझ्या काकांनी इथून आणलेल्या कॅसेटींवर मी ते लहानपणीच घोटलेलं. नक्कल करून दाखवली. पोरं फिदा!

७ नोव्हेंबर
शुक्रवारची सुट्टी. जेवणं झाल्यावर पोरांनी हातात माइक म्हणून आमटीचा डाव दिला आणि मला टेबलावर चढवलं. चाळीस ते एकतीस. गाणी मोबाइलवर, निवेदन माझं, घरच्यांची नावं घेऊन फर्माइशी. धमाल आली. तौहीदभाई तेवढे मधूनच उठून गेले. नंतर म्हणाले, कासमभाई स्टुडिओतच वारले, दोन नंबरचं गाणं चालू असताना. पहिला नंबर सांगायचा राहिला. नक्कल पुरे, खलास, असं मला बजावलं. म्हातारी माणसं, घाबरायचीच.

१४ नोव्हेंबर
एकवीसपर्यंत आलो. संध्याकाळी सईला फोनवर गोष्ट सांगायला लागलो, तर ती कासमभाईंच्या आवाजात निघाली. चार वर्षांची पोर खुदखुदली. म्हणाली, काका, आता माझ्या बाबांना द्या. घसा खाकरला, पाणी प्यालो. आवाज बदलेना.

१७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतो घसा साफ आहे. सई आज घाबरून रडली. हा काय चावटपणा, म्हणून प्रियांकाने फोन आपटला. बायकोलाही मी ओळखू येत नाही. मला भीती वाटतेय.

२१ नोव्हेंबर
हात जोडले, नको म्हटलं. पोरांनी हसत हसत दाराला कडी घातली. ज्यांच्या फर्माइशी राहिल्या होत्या ते अंगावर आले. अकरापर्यंत झालं. मी तोंड दाबून धरलं होतं. तरी हसू ऐकू आलं —

२६ नोव्हेंबर
तौहीदभाई म्हणतात, पहिला नंबर सांगितला की कासमभाई माझ्यातून जातील. पण एकटे नाही, ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी घेऊन जातील. दोनवर थांबायचं. काही झालं तरी.
सईची भीती गेली, तिला आता फोनवरचे काकाच आवडतात, असं प्रियांका म्हणाली.

२८ नोव्हेंबर
दोन झाला. थांबलो. ओठ आवळून बसलोय, हे लिहून दाखवतोय, कोणी वाचत नाही. पोरं टेबलं बडवतायत. दार बंद. तौहीदभाई बाहेरून ठोकतायत —

घरचा फोन. पोरांनीच उचलला, स्पीकरवर टाकला. सई. हसतेय. बाबा नकोत म्हणते. काका, पहिला नंबर सांगा ना —

तिला कधी नाही म्हटलेलं —

तोंड उघडतंय. सई, फोन ठेव. बाळा, फोन ठे