कढीपत्त्याच्या जुड्या

आजोबा,

बँक आणि नर्सरी उरकून आलात की कढीपत्त्याला हात लावू नका. काल तुम्ही अंबरपेठला गेला होतात, तेव्हा मी त्यावर मावा किडीचं औषध फवारलं. त्यानंतर आठवडाभर पानं तोडायची नसतात हे मला ठाऊक होतं, तरी तुम्हाला सांगायचं राहिलं. आज सकाळी तुम्ही नेहमीसारख्या शेजारी जुड्या वाटल्यात. मी धावत जाऊन सगळ्या परत आणल्या; कुणी वापरल्या नव्हत्या.

पण जुडी परत देताना सुजाता आंटी हसून, त्यांच्या तेलुगू ढंगात, तुमच्याबद्दल मला म्हणाल्या, "तातगारूंचं वय झालं अम्मा, विसरले असतील." आणि चूक माझी असूनही मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

आता परत त्यांच्याकडेच चाललेय. संध्याकाळी तुम्ही चहाला गेल्यावर त्या ‘आता बागकाम सोडा’ म्हणायच्या आत मला खरं सांगायचंय.

योगिनी