बारावं नाव

दिघा,
गुरुवार, दि. १२ मार्च २०२६

प्रिय चंदू,

तुला आणि मालतीवहिनींना जयभीम. करंजाड्याला पाणी रोज येतं का? पत्ता तुझ्या लेकीकडून, संघमित्राकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागलो. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका पोटात घाल.

गिरजेचा गुडघा तसाच आहे. माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले काळजी करू नका, पण काळजी न करायची गोळी काही लिहून दिली नाही.

तू म्हणाला होतास, माझ्यासमोर फुटबॉलचं नाव काढू नकोस. चार वर्षं नाही काढलं. आज काढतोय. पत्र फाडायचं तर फाड, पण आधी तारीख वाच. रविवार, पंधरा मार्च, दुपारी चार, आपलं मैदान. आपल्या नवयुग क्लबची ती शेवटची मॅच.

लीगची रचना बदलली. बावीस टीम होत्या, आता आठ राहणार. ज्यांच्या मैदानाला दिवे नाहीत त्यांची तिघातिघांची मोट बांधणार. जिंकून वरच्या गटात जाणं नाही, हरून खाली येणं नाही. आपण, ऐरोली आणि महापे मिळून एक टीम, तिला नाव कुठल्यातरी कंपनीचं. महाप्याच्या पोरांना आपण तीस वर्षं शिव्या घातल्या, आता त्यांच्याच शेजारी तिकीट काढून बसायचं.

गेल्या महिन्यात विहाराच्या हॉलमध्ये सभा झाली. लीगचे साहेब भिंतीवर चित्रं दाखवत होते. चहाच्या टपरीवाला पोपट उठला. "सायेब, वर-खालीच नाय तर आमी बघायचं काय?"

"काका, आता प्रॉडक्ट चांगलं पाहिजे."

"आमी काय साबण इकतो?"

सगळे हसले. मीही हसलो. मग कागद आला.

क्लबच्या सभासदांची संमती हवी होती. आपली रीत तुला ठाऊक आहे, वयाने मोठा तो पहिली सही करतो. आता मोठा मीच. तीन पानं होती, बारीक अक्षर, लांबलांब शब्द. पहिल्या पानाच्या मध्यापर्यंत गेलो, तोवर मागे खुर्च्या आवरायला लागले. साहेब घड्याळ बघत होते. पोपट म्हणाला, "सदूभाऊ, बरोबर हाय ना?"

मला समजत नाही, एवढं म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर तोंडातून निघेना. मी म्हणालो, "बरोबर हाय." सही केली. माझ्याखाली एक्केचाळीस जणांनी केली, माझ्या भरवशावर.

क्लबचं कामकाज बघणाऱ्या प्रियदर्शिनीने दुसऱ्या दिवशी मला सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर होतं, पुढच्या हंगामापासून मॅचच्या आधी माइकवरून फक्त नोंदणी असलेल्या खेळाडूंची नावं घ्यायची, तीही लीगचा माणूस घेणार. मी लीगच्या महाप्यातल्या ऑफिसला दोनदा जाऊन आलो. कारकून म्हणाला, "काका, कागद पुढे गेला."

तुला वाटेल, त्यात काय एवढं. आता सांगायलाच हवं.

टीमची यादी माइकवर मीच वाचतो. आपला सौरभ कायम बारावा, बदली खेळाडू. अर्ध्या मॅच बाकावर बसून काढल्या पोराने, तरी नाव घेतलं की हात वर करून "हजर" ओरडायचा, शाळेत असल्यासारखा. तो रस्त्यावर अपघातात गेला त्यानंतरच्या पहिल्याच मॅचला मी अकरा नावं वाचली आणि जिभेच्या सवयीने बारावं आलं. सौरभ चंद्रशेखर कांबळे. मी माइक बंद करायला गेलो. तेवढ्यात पोपट टपरीवरून ओरडला, "हजर!" मग सगळी वस्ती ओरडली.

तेव्हापासून प्रत्येक मॅचला घेतो. समोरच्या टीमची पोरंसुद्धा थांबतात. महाप्याच्या पोरांनी तर गेल्या वर्षी आपल्याबरोबर हजेरी दिली.

तुला सांगायला घाबरलो. तुझ्या पोराचं नाव तुला न विचारता घेत राहिलो. आणि आता तुला न विचारताच बंद करून बसलो.

गिरजा म्हणते, गुपचूप बसा, त्यांची जखम उकरू नका. मला झोप नाही. तू शिव्या दे, पण समोर येऊन दे. वहिनींनाही आण, सावलीत खुर्ची ठेवतो.

रविवारी अकरा नावं वाचून मी माइक खाली धरीन आणि फाटकाकडे बघीन. तू दिसलास तर बारावं नाव तू घे, बापाच्या तोंडून एकदा होऊ दे. नाही दिसलास तर मीच घेईन. शेवटचंच आहे. मैदान काय उत्तर देतं ते तुला लिहून कळवणं मात्र मला जमणार नाही.

वाचल्याशिवाय सही करणारा,
तुझा
सदू